साज चढवलेला सरदार

गंगावेशीत येऊन नुसतं "आक्का कुठं राहतात?" असं विचारू नये. पेठेत आक्का चिक्कार. दुधाच्या कट्ट्यावर उभा असलेला माणूस उलट विचारणार, "कंच्या आक्का पावणं? पापडाच्या, भिशीच्या, का तसबिरीच्या?" तसबिरीच्या म्हटलं की तो हातातला ग्लास खाली न ठेवता हनुवटीनंच बोळ दाखवतो. बोळाच्या तोंडाशी पूर्वी त्यांच्या यजमानांचं, आण्णांचं, काच-फ्रेमचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि आण्णांच्या मागं आक्का दुकानाच्या पाठच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात.

संयोगिता वरुटे अशीच विचारत विचारत आली. राधानगरीकडची पोरगी, कोल्हापुरात बँकेत नोकरीला. चपला काढल्या, तांब्यातलं पाणी घटाघटा प्याली आणि पाल्हाळ न लावता मोबाइल आक्कांच्या पुढं धरला. दोन घरांतल्या दोन तसबिरींचे फोटो होते. दोन्हींत सरदार मात्र एकच. टोकाशी वर वळलेल्या मिशा, जराशी तिरकी मान, डाव्या भुवईवर बारीक व्रण.

"ह्यो आमच्या घरातला मूळ पुरुष," पोरगी म्हणाली. "आणि ह्यो मलकापूरच्या रेडेकरांच्या घरातला. ही तसबीर गंगावेशीतनं आणलेली, एवढंच आज्जीला आठवतंय. आता तुमीच सांगा आक्का, ह्यो नेमका कुणाचा हाय? ह्याच्यापायी माझं लग्न मोडाय लागलंय."

घडलं होतं ते असं. संयोगिताचं आणि रेडेकरांच्या धैर्यशीलचं लग्न ठरत आलं होतं. पोरांची पसंती होतीच, थोरांचीही झाली. राहिलं होतं ते घर बघणं. वरुट्यांची मंडळी दोन गाड्या भरून मलकापूरला गेली, आणि संयोगिताची आज्जी धोंडुबाई, वय ऐंशीच्या पुढं, हट्टानं पुढच्या सीटवर बसून गेली. रेडेकरांच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं, समोर तसबीर दिसली, म्हातारीनं सवयीनं हात जोडले, डोळे मिटले आणि पदर सावरून खाली बसली. मग एकदम तिच्या लक्षात आलं की आपण आपल्या घरात नाही.

"ह्यो हितं कसा?" धोंडुबाईंनी विचारलं.

"आमचा मूळ पुरुष हाय त्यो," नवरदेवाचे वडील अमरसिंह रेडेकर मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

"आमचा बी ह्योच हाय की!"

झालं. फुटायची सुपारी ताटात तशीच राहिली. मूळ पुरुष एक म्हणजे दोन्ही घरं भाऊबंद, आणि भाऊबंदात सोयरीक म्हणजे भावा-बहिणीचं लग्न. आडनावं वेगळी आहेत, देवक वेगळं आहे, असं सगळ्यांनी म्हातारीला समजावून बघितलं. तिचं एकच म्हणणं, "वतनापायी आडनावं बदलत्यात, देवक बी बदलत्यात. माणसाचं तोंड बदलतंय व्हय?" रेडेकरांची तर आणखीच अडचण. त्यांनी हाच सरदार गाडीच्या मागच्या काचेवर रंगवून घेतला होता, गावच्या कमानीवर लावला होता. तो आमचा नाही, असं ते कुठल्या तोंडानं म्हणणार?

आक्कांनी दोन्ही फोटो बोटांनी मोठे करून बघितले. मग मोबाइल परत दिला.

"मला दिसत न्हाई बाई आता," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू हाय."

हे साफ खोटं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या दिवाळीतच झालं होतं आणि आक्का आता एसटीची पाटी पार लांबून वाचत होत्या. पोरीला ते कळलं असावं. तिनं वाद घातला नाही. आपला नंबर एका चिठोऱ्यावर लिहून ते डब्याखाली ठेवलं आणि म्हणाली, "दिसाय लागलं तर फोन करा." ती गेल्यावर आक्का कितीतरी वेळ उंबऱ्याशी बसून होत्या.

त्यांना दिसलं होतं. चांगलं लख्ख दिसलं होतं. तो सरदार वरुट्यांचाही नव्हता आणि रेडेकरांचाही नव्हता. ते आण्णा होते. आक्कांचे मालक.

आण्णांचं लग्न नुकतं झालं होतं तेव्हाची गोष्ट. लक्ष्मीपुरीत एक छापखाना होता, देवादिकांच्या तसबिरी छापायचा. छापखान्याच्या मालकाच्या ध्यानात आलं की जिल्ह्यात घराणी मोप आहेत, एकेका घराण्याकडं पेटीत दागिना आहे, खुंटीला हत्यार आहे, पण ज्यानं ते मिळवलं त्याचं चित्र कुणाकडंच नाही. असणार कसं? लढाईला निघताना कोण चित्रकारासमोर बसतो! तेव्हा एक बिननावाचा सरदार छापायचा, खाली नावासाठी कोरी पट्टी सोडायची, आणि ज्याला हवा त्यानं तो न्यावा, असं ठरलं. गुरुप्रसाद नावाचे पेंटर तिथं कामाला होते. त्यांनी आधी तालमीतला एक पैलवान आणून बसवला, पण तो दर पाच मिनिटांनी उठून जोर मारायचा. त्याच दिवशी आण्णा फ्रेमा पोचवायला गेले होते. मिशा झकास, अंगकाठी सरळ, आणि डोळ्यांत कुणाला न भिणारं काहीतरी. भुवईवरचा व्रण काच उडून झालेला. पण चित्रात तो तलवारीचाच वाटणार. पेंटरांनी त्यांना खोक्यावर बसवलं आणि फ्रेमांना बांधून आणलेलं आक्कांचंच एक जुनं लुगडं डोक्याला गुंडाळलं.

तो सरदार छापून आला तेव्हा अगदी उघडा-बोडका होता. म्हणजे पागोटं, अंगरखा, तलवार सगळं होतं, पण नुसत्या फिक्या रंगात. कारण खरं काम पुढंच होतं आणि ते आक्कांकडं होतं. त्याला साज चढवणं म्हणत. आक्कांच्या सासूबाई देवीच्या तसबिरींना साज चढवायच्या; त्यांनी सुनेला ते शिकवलं. चिकटवायला मोरचूद घालून कणकेची खळ करायची, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. विटलेल्या शालूचा काठ पागोट्यावर, मखमलीचा तुकडा अंगरख्यावर, शेल्याला कलाबतूची किनार, हत्याराला सोनेरी बेगड, आणि गळ्यातल्या कंठ्याला गुजरीतल्या सराफाकडून आणलेले बारीक मोती.

मात्र हे मनानं करायचं नाही. गिऱ्हाइकानं आपल्या घरचा ऐवज दाखवायला आणायचा आणि सरदाराच्या अंगावर तोच चढवायचा. माणसं कापडात बांधून शिरपेच आणत, कानातला चौकडा आणत, कट्यार आणत. एकानं ढाल पोत्यात घालून एसटीनं आणली, तर कंडक्टरनं तिचं लगेज तिकीट फाडलं. आक्का त्या वस्तूवर पातळ कागद धरून कड उतरवून घ्यायच्या. मोती किती, कोंदण कसलं, कुठं टवका उडालाय, सगळं बघायच्या. वरुट्यांच्या घरचे म्हातारे, म्हणजे धोंडुबाईंचे सासरे, चौकडा घेऊन आले तेव्हा त्यातला एक मोती पडलेला होता. "भरून दाखवू का?" असं आक्कांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, "नको. जसा हाय तसा कर. तोंड कुणाचं का असंना, कानातला आमचा दिसला पायजे."

त्या पिढीला सगळं ठाऊक होतं, बरं का. तोंड छापखान्यातलं आणि ऐवज आपला, हे समजूनच ती माणसं तसबीर घेऊन जात. मग घरी नेऊन तिला ओवाळलं, खंडेनवमीला हार घातला, पोरांना सांगितलं 'हे बघ आपले मूळ पुरुष', आणि तोंडाचं तेवढं सांगायचं राहून गेलं. पुढं कुणाला आठवण करून द्यायची गरजही वाटली नाही.

आणि दुकानात काय मजा चालायची! आण्णा काच कापता कापता आत डोकावायचे. "काय वं, आज मी कुणाच्या घरचा?" आक्का मान वर न करता सांगायच्या, "आज कागलाकडचा. शिरपेच हाय तुमाला, पाचूचा." "आणि काल?" "काल गडहिंग्लजकडचा. नुसता भाला." मग आण्णा तोंड वाकडं करायचे. भाल्यावाल्या घरची नोकरी आपल्याला नको, म्हणायचे. दुकानात गिऱ्हाईक असलं की आक्कांना हसू आवरायचं नाही आणि त्या तोंडात पदर कोंबून बसायच्या. अर्ध्या जिल्ह्याची सरदारकी करून तो माणूस संध्याकाळी पत्र्याच्या बादलीत हात धुवायचा आणि भाकरी मागायचा.

पुढं सोनेरी शाईचे चकचकीत फोटो आले, साजाचं काम बंद पडलं, छापखानाही मिटला. आण्णा म्हातारे झाले, दात गेले, मिशाही काढल्या आणि एका श्रावणात गेले. आता भिंतीवर त्यांचा जो फोटो आहे तो आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला. त्यात ते चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात. आक्का त्या फोटोला हार घालतात पण त्याच्याकडं बघत नाहीत. त्यांचा जीव रमायचा तो वेगळ्याच विचारात. राधानगरीकडं, मलकापूरकडं, भुदरगडात, कुठं कुठं मोठ्या मोठ्या दिवाणखान्यांत आपला माणूस ऐन चोविशीत, मिशांना पीळ देऊन, जरीचा शेला घेऊन बसलाय. दसऱ्याला माणसं त्याच्यापुढं वाकतात. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, पण त्या एवढ्या एका गोष्टीवर आक्का एकटेपण काढत होत्या. खरं बोललं की तो भिंतीवरून खाली येणार. एका घरातून आला की बोभाटा होऊन सगळ्याच घरांतून येणार. आणि नाही बोललं तर त्या पोरीचं लग्न मोडणार.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी विचार केला की आण्णांना कुणी येऊन सांगितलं असतं, तुमच्या तोंडापायी एका पोरीची सुपारी अडलीय, तर त्यांनी काय केलं असतं? पेठेला ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या असत्या. आधी पोरीच्या घरच्यांना आणि मग बायकोला, तोंड मिटून बसली म्हणून. आक्कांनी डब्याखालचं चिठोरं काढलं आणि शेजारच्या बाईकडून फोन लावून घेतला.

"दिसाय लागलं," त्या म्हणाल्या. "दोनी घरची माणसं घिऊन ये. तसबिरी बी आणा."

रविवारी दुपारी माणसं आली. धोंडुबाई आल्या, संयोगिता आणि तिचे वडील आले, मलकापूरहून अमरसिंह रेडेकर आणि धैर्यशील आले. चादरीत गुंडाळलेल्या दोन तसबिरी कॉटवर शेजारी शेजारी ठेवल्या. एवढ्या वर्षांनी आपलं काम समोर बघून आक्कांचा ऊर भरून आला. शेल्याची किनार जराही काळी पडली नव्हती. पण ते कौतुक करायची ही वेळ नव्हती.

"हे तुमचं कुणाचंच मूळ पुरुष न्हाईत," त्या म्हणाल्या. "छापील चित्र हाय ते. अशी लई निघाली. नुसता साज ज्याच्या त्याच्या घरचा."

"छापील असू दे की," रेडेकर म्हणाले. "चित्र कुणाचं तरी बघूनच काढलं असंल न्हवं? त्यो कोण?"

आक्कांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "आमचं मालक," त्या म्हणाल्या. "हितंच बसायचं, दुकानात. काचा कापायचं."

रेडेकरांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे," ते म्हणाले, "माझ्या गाडीच्या मागच्या काचंवर कोण हाय?"

"आमचं मालकच," आक्का म्हणाल्या. करणार काय, खरं ते खरं.

पहिल्यांदा धोंडुबाई हसल्या. बोळक्या तोंडानं, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं बया! इतकी वर्सं मी काचवाल्याला नमस्कार केला व्हय गं!" मग संयोगिताही हसली, धैर्यशीलही हसला. रेडेकर तेवढे हसले नाहीत.

हसू ओसरल्यावर धोंडुबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आपल्या तसबिरीची काच काढायला लावली. नजर अधू, म्हणून बोटांनी चाचपडत त्या सरदाराच्या कानापाशी आल्या. चौकड्याचे मोती एकेक करून मोजले आणि पडलेल्या मोत्याच्या जागेवर बोट थांबलं.

"हा आमचा," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नात ह्यांच्या कानात हुता. अंतरपाटाआडनं मला तेवढाच दिसलेला. पुढं मोडला. आता घरात न्हाई त्यो." थोड्या वेळानं त्यांनी दुसऱ्या तसबिरीचा कानही चाचपला. तिथं नुसती भिकबाळी होती. "ह्यांचं कानातलं येगळं हाय की रं. मग कसलं आलंय भाऊबंद! फोडा सुपारी."

म्हातारीनं तोंडाचा निकाल कानावर लावला आणि तो सगळ्यांना पटला. संयोगितानं आक्कांच्या पाया पडायला वाकून त्यांचे गुडघेच धरले. आमची तसबीर आहे तिथंच राहील, असं धोंडुबाईंनी परस्पर जाहीर केलं. सासऱ्यांनी आणलेला माणूस आहे, मग तो काचवाला का असेना. मग सगळी मंडळी अंबाबाईला जाऊन येतो म्हणून उठली.

रेडेकर उठले नाहीत. ते एकटेच आपल्या तसबिरीसमोर बसून राहिले. माणसं बोळाबाहेर गेल्यावर म्हणाले, "आक्का, रागावू नगा. पण मी आता ह्यास्नी घरात न्हाई लावू शकत. दुसऱ्याच्या माणसाला बाप म्हणायचं, ते मला जमणार न्हाई." मग त्यांनी तलवारीच्या मुठीवर बोट ठेवलं. मुठीची एक कड चेपलेली होती. आक्कांनी बेगडही तशीच चेपून बसवली होती. "ही मूठ मातर आमची हाय. लहानपणी मी हिच्यात बोट घालून बसायचो. वाटणीत तलवार गेली, कुठं गेली ठावं न्हाई. एवढी मूठ मला काढून द्याल?"

आक्कांनी आयुष्यभर साज चढवला होता, उतरवला कधी नव्हता. पण खळ शेवटी कणकेचीच. त्यांनी कापूस ओला केला, पातळ पातं काढलं, तसबीर मांडीवर घेतली. आणि काम सुरू करायच्या आधी, हाताच्या सवयीनं, वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडून सरदाराच्या तोंडावर ठेवला.

"तोंड का झाकलं?" रेडेकरांनी विचारलं.

"खळ उडतीया," आक्का म्हणाल्या. खळ तर आता उडणार नव्हती. "आणि सासूबाई समोर बसायच्या," त्या म्हणाल्या. "नवऱ्याच्या तोंडाकडं बघत बसली असं म्हणू नये कुणी, म्हणून झाकायचं. एवढं सरदार केलं मी, पण तोंड कधी नीट बघितलं न्हाई. झालं की काच लागायची आणि गिऱ्हाईक घिऊन जायचं."

त्यांनी कागद उचलला आणि बाजूला टाकला.

मूठ अलगद निघाली. आक्कांनी ती रेडेकरांच्या रुमालावर ठेवली. बाकीचा साजही त्यांच्याच घरचा, म्हणून मग भिकबाळी निघाली, कंठा निघाला, शेल्याची किनार निघाली, पागोट्यावरचा शालूचा काठ निघाला. जिथून साज निघाला तिथं कागदावरचा फिका रंग अजून ताजा होता. ऐवजाची भर संपली तसा सरदार संपत गेला. खाली उरला एक चोवीस वर्षांचा पोरगा, मिशांना पीळ दिलेला, बसून बसून पाठ अवघडलेला, आणि आता कधी एकदा हसतोय असं झालेला. आक्का बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी यायला लागलं तर ते कागदावर पडू नये म्हणून त्यांनी तसबीर जरा लांब धरली, पण नजर काढली नाही. समोर परका पुरुष बसलाय याचीही त्यांनी लाज धरली नाही.

रेडेकरांनी रुमालाची गाठ मारली, तसबीर आक्कांच्या मांडीवरच राहू दिली. बराच वेळ तेही त्या तोंडाकडं बघत होते.

"देखणं हुतं की मालक," ते म्हणाले.

"व्हय की," आक्का म्हणाल्या.

रेडेकर चपला घालून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. घसा खाकरला. मग पेठेतल्या पद्धतीनं, बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तारीख धरली की गाडी धाडतो. लग्नाला दोघं या."

आण्णा गेल्यापासून आक्कांना 'दोघं या' म्हणून कुणी आवतण दिलं नव्हतं. त्यांनी मांडीवरची तसबीर सावरली आणि म्हणाल्या, "येतो की."